मिरज रेषा

स्मृतिपत्र नावाचा तो पिवळा कागद ज्यानं काढला त्याचं तोंड मला पाहायचं नाही, असं मी गेली चार वर्षं लोकांना ऐकवत आले. वाक्य सोयीचं आहे. दात घासताना ते तोंड मला रोज आरशात दिसतं, कारण तो कागद ज्या रेषेवर उभा आहे ती रेषा माझी.

वैजयंता लोखंडे माझ्या घरी आली त्या दिवशी मी विज्ञानगौरव पुरस्काराचं भाषण लिहीत बसले होते. दाराशी उभी असलेली चाळिशीची बाई मी ओळखली नाही. तिनं मला ओळखलं होतं.

"पांचाळ मॅडम, मी वैजू. नंबर एकोणीस."

नंबर म्हटल्यावर ओळख पटली, याचीही मला लाज वाटली पाहिजे होती. सतरा वर्षांपूर्वी मिरजेला आमच्या संस्थेत एचआयव्हीच्या लसीची चाचणी झाली, तेव्हा अठ्ठेचाळीस निरोगी माणसांनी स्वतःच्या दंडाला ती टोचून घेतली होती. एकोणीस नंबरची पोरगी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचा थोरला भाऊ ट्रकवर होता, तो याच रोगानं गेला होता. 'दुसऱ्या कुणाचा भाऊ तरी वाचंल' एवढंच कारण तिनं अर्जात लिहिलं होतं.

मी पाणी आणलं. तिनं ग्लासाकडं पाहिलं, हात लावला नाही.

"मी प्याल्यावर ग्लास फेकून देणार न्हाईसा न्हवं?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"आमच्या गावात देत्यात," असं म्हणून तिनं घटाघटा पाणी प्यायलं आणि पिशवीतून पिवळा कागद काढून माझ्या भाषणावर ठेवला.

गोवर, कांजिण्या, डेंग्यू, पुढं दोनदा करोना. शेवटची ओळ लाल अक्षरात होती : 'एचआयव्ही : पूर्वी संसर्ग झालेला. अंदाजे सोळा ते अठरा वर्षांपूर्वी. तुलना : मिरज रेषा.'

हा काय प्रकार आहे ते सांगते. आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम आठवण ठेवणं. एक पेशी एकच शत्रू लक्षात ठेवते, पण मरेपर्यंत ठेवते. एचआयव्हीचा विषाणू इतका हलकट की तो नेमका या आठवणीच्या पेशींतच शिरून झोपी जातो. पोलिसांच्या बराकीत चोरानं खाट टाकावी तसं. औषधं चालू असतात तोवर तो झोपलेला असतो, बंद केली की उठतो. माझी सगळी उमेद या झोपलेल्या विषाणूमागं गेली. सात वर्षांपूर्वी त्याला जागं करून मारणारी दोन इंजेक्शनं आली आणि रोग कायमचा बरा होऊ लागला. त्यात माझा वाटा खारीचा होता, पण होता.

आता तरी लोक सुटले, असं मला वाटलं होतं. पण बरे झालेल्यांत विषाणू पुन्हा उठला नाही ना, हे तपासायला एक यंत्र निघालं. रक्ताच्या थेंबातल्या आठवणीच्या पेशी ते वाचतं आणि या शरीराला आजवर कोण कोण भेटून गेलं, साधारण कधी, हे पानावर छापून देतं. यंत्र रुग्णांसाठी होतं. दोन वर्षांत ते शाळांत, कारखान्यांत, बँकांत पोचलं. कायद्यानं स्मृतिपत्र मागायला बंदी आहे. म्हणून कुणी मागत नाही, 'असलं तर दाखवा' असं म्हणतात. रोग गेला आणि रोगाची बदनामी तेवढी वाचता येऊ लागली.

मिरज रेषेचं असं. लस म्हणजे विषाणूच्या नुसत्या कवचाचा नमुना. ती घेतलेल्याच्या रक्तातही विषाणूची आठवण राहते, रोग मात्र झालेला नसतो. मग लसीची आठवण कुठली आणि रोगाची कुठली, हे यंत्रानं कसं ओळखायचं? जोरावरून. लसीची आठवण कमी जोराची, रोगाची जास्त. मधे एक रेषा. ती आम्ही आखली, आमच्या अठ्ठेचाळीस जणांच्या रक्तावरून. इतर चाचण्यांतली रक्तं कुणी अशी गोठवून जपली नव्हतीच, म्हणून जगभरच्या यंत्रांत हीच रेषा आहे. माझं नाव त्या रेषेमुळं झालं.

आणि ती रेषा चुकली आहे, हे सोळा वर्षं मला एकटीला माहीत होतं.

"मॅडम, मी साळंत पोषण आहार शिजवती," वैजयंता सांगत होती. "अकरा वर्सं झाली. दोन म्हयन्यामागं साळंत 'मर्जी असंल तर द्या' म्हणत सगळ्यांचं रगत तपासलं. दुसऱ्या दिवशी साठ पोरांतली चार पोरं जेवायला बसली. तिसऱ्या दिवशी सैपाकखोलीची किल्ली माज्या हातातनं काढून घेतली. मालक म्हणतोय, लग्नाच्या आदी कुणाकडं गेलतीस ते सांग, मग घरात ये."

"तू लसीचं सांगितलं नाहीस त्याला?"

ती माझ्याकडं बघतच राहिली.

"तुमीच सांगितलासा, कुणाला सांगू नगंस. लोकं उलटं समजत्यात म्हणलासा. मी सोळा वर्सं नवऱ्याला बोलली न्हाई. आता सांगितलं तर म्हणतोय, गोष्ट रचलीस."

खरंच होतं. समुपदेशनात आम्ही तेच सांगायचो. आणि नावांची यादी नियमाप्रमाणं पंधरा वर्षांनी जाळून टाकली होती, गोपनीयता म्हणून. ती चाचणीत होती याला आता माझ्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता. माझा शब्दही पुरेसा नव्हता, कारण लस घेतलेल्यांना वेगळं काढण्यासाठीच तर रेषा होती, आणि रेषा म्हणत होती की ही बाई रोगाच्या बाजूची आहे.

उठताना तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडं गेली. संस्थेतली खंडेनवमी. मधे रक्त घुसळून पेशी वेगळ्या करणारं यंत्र, त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढं फुटलेला नारळ. यंत्राच्या एका बाजूला हात जोडलेली मी आणि दुसऱ्या बाजूला आमचा तंत्रज्ञ धनपाल चौगुले.

"ह्याच दिवशी रगत घेतलंतासा की आमचं," ती म्हणाली. "सुट्टी असून सगळ्यास्नी बोलावलंतासा."

"हो का? आठवत नाही," मी म्हणाले.

खाई त्याला खवखवे. ती गेल्यावर मी फोटो उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला.

मी तिच्या गावी जाऊन शाळेच्या समितीशी बोलेन, असं तिला कबूल केलं होतं. जाताना गाडीत एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. चाचणीत आमचा एक रिवाज होता : दुसऱ्याच्या दंडाला टोचण्याआधी आपल्या दंडाला. पहिली लस मी घेतली होती. माझा दंड वैजयंतासारखाच सुजला होता, म्हणजे माझीही आठवण जोरकस असणार. मी सगळ्यांसमोर यंत्रावर बोट ठेवायचं. कागद लाल येईल. मग खुद्द डॉक्टरीणबाईंनाही यंत्र रोगी ठरवतंय म्हणजे यंत्रच खोटं, हे शेंबडं पोरही समजेल. वैजयंता सुटेल आणि मला दुसरं काही सांगावं लागणार नाही. ते दुसरं काय, ते पुढं सांगतेच. तेव्हा मी ते स्वतःलाही सांगत नव्हते.

सोनारवाडीच्या शाळेत एका वर्गात पंचवीस-तीस माणसं जमली होती. समितीचे अध्यक्ष बाबुराव खाडे यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. वैजयंता दारापाशी उभी होती. तिचा नवरा तानाजी खिडकीत, पाठ करून.

मी लस समजावून सांगितली, सोप्या भाषेत. कुणी जांभई दिली नाही, पण कुणाचा चेहराही हलला नाही. खाडे म्हणाले, "मॅडम, तुमी मोठ्या हाईसा. पर कागदावर तुमच्याच मिरजंचं नाव हाय. तुमचंच यंत्र, तुमचीच रेघ. आता ती खोटी म्हंतासा?"

"खोटी नाही म्हणत," मी घाईनं म्हणाले. "कधीकधी चुकते. बघा, आत्ता दाखवते."

शाळेचं यंत्र टेबलावर होतंच. मी बोट ठेवलं. टोचलं. कागद बाहेर आला तो मी न वाचताच खाडेंच्या हातात दिला आणि अगदी जादूगारासारखी थांबले. त्यांनी वाचला, शेजाऱ्याला दिला. कागद वर्गभर फिरला.

कुणी हसलं नाही. कुणाला यंत्राची शंका आली नाही. एक बाई हलक्या आवाजात दुसरीला म्हणाली, "आयुष्य त्याच रोग्यात काढलं, सुई लागलीच असंल कवातरी."

"सुईच लागली असंल कशावरनं?" मागून कुणीतरी म्हणालं.

तानाजी पहिल्यांदाच वळला. "एकाच माळंचं मणी दोगी. म्हणून आलीया वकिली कराय."

माझा अर्धा चहा टेबलावर होता. खाडेंनी कुणाला तरी डोळ्यानं खुणावलं, आणि एका बाईनं तो कप वर्तमानपत्राच्या तुकड्यात धरून बाहेर नेला. मी तीस वर्षं रुग्णांना सांगत आले होते की कपानं हा रोग पसरत नाही. त्या क्षणी मला ते वाक्य उच्चारताही आलं नाही. अपमानानं माझे कान तापले होते. हाच अपमान वैजयंता दोन महिने रोज गिळत होती आणि मी तो एका खेळापुरता अंगावर घेतला होता.

बाहेर पडताना ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं आता हेंची खात्रीच झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी नचिकेत बर्वे दारात. माझा जुना विद्यार्थी, आता स्मृतिपत्राच्या कंपनीचा मुख्य शास्त्रज्ञ. हातात पेढे. चेहरा मयताला आल्यासारखा.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट वर आला. घाबरू नका. तो आम्ही दुरुस्त करून देतो, कुणाला कळणार नाही. पुरस्काराच्या आधी नको ती चर्चा कशाला?"

"दुरुस्त करता येतो?"

"एखादा येतो."

"मग वैजयंता लोखंडेचाही कर."

"ती कोण?"

मी सांगितलं. त्यानं पेढ्यांचा पुडा टेबलावर नीट सरळ करून ठेवला. तो खोटं बोलण्याआधी नेहमी हातातली वस्तू सरळ करतो, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही करायचा.

"मॅडम, अशा तक्रारी येतात. देशात लस-चाचण्यांतले दोन-तीन हजार लोक असतील, त्यातले शंभर-दोनशे रेषेच्या वर जातात. एवढी चूक कुठल्याही चाचणीत असते."

"ती चूक नाही, नचिकेत. ज्यांच्यावर लसीचा परिणाम सगळ्यात चांगला झाला तेच वर जातायत. रेषा मुळातच खाली आखली गेली."

"असं का व्हावं?"

तो मला ओळखून होता. त्यानं नुसता प्रश्न टाकला. मी पेढ्यांचा पुडा त्याच्याकडं परत सरकवला.

"बरं, समजा तसं असेल," तो म्हणाला. "रेषा वर सरकवली तर ज्यांना खरोखर रोग होऊन गेला असे कितीतरी लोक खाली येतील. त्यांची ओळख पुसली जाईल."

"पुसली जाऊ दे! बरे झालेत ना ते? कुणाचं काय बिघडणार आहे?"

"स्मृतिपत्राला अर्थच राहणार नाही मग."

"आत्ता बोललास खरं."

तो उठला. आवाजातलं 'मॅडम' गेलं होतं. "एक लक्षात ठेवा. रेषेच्या कागदांवर सही तुमची आहे, माझी नाही. तुम्ही तोंड उघडलंत तर मी हात वर करीन. नोंदवहीसकट सगळं बाहेर येईल, आणि वहीत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक."

पेढे त्यानं तिथंच ठेवले. मी ते पुड्यासकट कचऱ्यात टाकले. नंतर वाईट वाटलं, पेढ्यांचा काय दोष!

वहीत काय आहे ते आता सांगते.

रक्त काढल्यापासून आठ तासांच्या आत ते यंत्रात घुसळून पेशी वेगळ्या करायच्या आणि गोठवायच्या, हा नियम. उशीर झाला की आठवणीच्या पेशी मरू लागतात, आणि ज्या जास्त तरतरीत त्या आधी मरतात. त्या वर्षी मी कॅलेंडर न बघता तारीख ठरवली आणि नेमकी खंडेनवमी आली. सकाळी अठ्ठेचाळीस जणांचं रक्त घेतलं. संस्थेत हत्यारांची पूजा होती. आमचं हत्यार म्हणजे ते यंत्र. हार घातला, नारळ मी फोडला.

माझ्या वडिलांची लेथ होती. आम्ही पांचाळ, हत्याराचं खातो. खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, ही वडिलांची शपथ. एका वर्षी चुलत्यांनी ऐकलं नाही, लेथ चालू केली आणि दोन बोटं गेली. ती बोटं मी पाहिली होती, आठ वर्षांची असताना, भुशात पडलेली.

धनपालनं दुपारी दोनदा विचारलं, "मॅडम, पूजा झाली. आता फिरवू का मशीन? देव काय म्हणत न्हाई, रगत खराब व्हईल."

शिकलेली मी. रुग्णांच्या गंडेदोऱ्यांना हसणारी मी. मी म्हणाले, "राहू दे, उद्या सकाळी फिरवू. एका दिवसानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी फिरवलं. चोवीस तास उलटून गेले होते. आणि वहीत मी माझ्या हातानं लिहिलं : 'फिरवण्याची वेळ, त्याच दिवशी सकाळी ११.४०.' निम्म्याहून जास्त जोरकस पेशी मेलेल्या. उरलेल्यांवरून आम्ही मापलं आणि जगाला सांगितलं, लसीची आठवण एवढीच असते, यापेक्षा जास्त असेल तो रोग. शंका मला वर्षभरात आली होती. तोवर निबंध छापून झाला होता, टाळ्या पडू लागल्या होत्या. धनपाल मला त्याबद्दल कधी बोलला नाही. तो वारला तेव्हा मला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. एवढी नीच मी होते.

मी कपाटातून फोटो काढला. फोटो संध्याकाळचा, प्रसादाच्या वेळचा. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं. आणि यंत्राच्या शेजारी, हाराच्या टोकाला लागून, लाकडी घोडीत हिरव्या बुचांच्या नळ्या. भरलेल्या. लाल. सगळ्या तशाच. सतरा वर्षं पाहुण्यांना मी हा फोटो कौतुकानं दाखवत होते, आणि माझी खोटी नोंद त्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी होती.

त्या दिवशी भाषण फाडलं आणि पत्र लिहिलं. निबंध मागं घेत आहे, नोंद खोटी आहे, ती मी केली, मिरज रेषा वापरू नये. सोबत फोटोची प्रत. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, आरोग्य खात्याला आणि तीन वर्तमानपत्रांना एकाच वेळी पाठवलं, म्हणजे कुणाला दाबता येऊ नये. दोन तासांत पुरस्कारवाल्यांचा फोन आला. बोलणारा गृहस्थ मला बाई म्हणाला, डॉक्टर नाही. संध्याकाळपर्यंत नचिकेतनं टीव्हीवर हात वर केले होते. चौथ्या दिवशी सरकारनं एचआयव्हीची ओळ छापणं थांबवलं, चौकशी होईपर्यंत. चौकशी अर्थात माझी.

पाचव्या दिवशी मी सोनारवाडीला गेले. वैजयंता गावातल्याच माहेरच्या एका खोलीत राहत होती. मी दारात चप्पल काढली. तिनं चटई टाकली, पण स्वतः उभी राहिली. मी सगळं सांगितलं. लेथ, चुलत्यांची बोटं, धनपाल, वही. काही गाळलं नाही. पत्राची प्रत दिली, फोटो दिला.

"हे पत्र शाळेत दाखव. आता तुला कुणी काही म्हणू शकणार नाही."

तिनं पत्र घडी करून ठेवलं. फोटो मात्र दारातल्या उजेडात नेऊन बराच वेळ बघितला. बोटानं नळ्या मोजत होती की काय कोण जाणे.

"ह्यातली कंची माजी?"

"माहीत नाही."

"मशीनला हार घातलासा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हळदकुंकू लावलंसा. नारळ फोडलासा, हात जोडलासा. आमचं रगत शेजारीच ठेवलं व्हतं. त्येला कुणी हात जोडलं न्हाईत."

मी माफी मागितली.

"दादा मेला तवा तिरडीला खांदा द्यायला चौघं मिळंनात. तवा ठरवलं व्हतं, आपलं रगत कुणाच्या तरी कामी येऊ दे. आलं बगा कामी." तिनं फोटो कोनाड्यात ठेवला, परत दिला नाही. "उद्या साळंत मी एकटी जाईन. तुमी येऊ नगासा. तुमी आलासा की लोकं माज्याकडं बगायचं सोडून तुमच्याकडं बगत्यात."

"तानाजी?"

"त्येनं सकाळी निरोप धाडलाय, घरला ये म्हणून. पेपर वाचला असंल." तिनं पदर खोचला. "कागद बगून हाकलली, कागद बगून बोलावतोय. बगू."

मी उठले. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, घसा कोरडा पडला होता. आमच्या भागात वैरी जरी दारात आला तरी त्याला आधी पाणी विचारतात. मी चप्पल घालताना थोडी रेंगाळले. वैजयंतानं पाणी विचारलं नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं.